लांडगा नाही दिसला, तरी गाईडला पाचपैकी पाच

आधी निकाल सांगते, मग पाल्हाळ. पुण्याहून एका दिवसात होणारी माळरान प्लस फ्लेमिंगो ट्रिप. पहाटे स्वारगेटहून निघायचं, सकाळी इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या माळावर सफारी, दुपारनंतर भिगवणजवळ कुंभारगावला बोटीतून पक्षी बघायचे आणि रात्री घरी. माणशी २८०० रुपये, नाश्ता-जेवण धरून. गावातल्या गाईडला पाचपैकी पाच, पुण्याहून बरोबर आलेल्या नॅचरलिस्ट पोराला पाच, बोटवाल्या मामांना साडेचार, जेवणाला पाच. आणि ज्यांनी ही ट्रिप आम्हाला विकली त्या ऑर्गनायझरला दोन, ते पण गाड्या वेळेवर आल्या म्हणून. नाव मुद्दामच टाकत नाही, कारण इन्स्टावर असले ढिगाने आहेत आणि सगळ्यांची जाहिरात सारखीच, एकालाच धरून काय उपयोग.

मी रिव्ह्यू वगैरे लिहिणारी बाई नाही, पण आमच्याच ग्रुपमधल्या दोघांनी घरी पोचायच्या आत 'नो वुल्फ, पैसे वाया' म्हणून एक स्टार ठोकला आणि वर 'गाईडला काही माहिती नाही' असंही लिहिलं, ते वाचून डोकंच फिरलं. त्या माणसाला काय काय माहिती होतं ते मी शेजारी बसून ऐकलंय. हे दोघं तेव्हा मागच्या सीटवर मोबाईलमध्ये रेंज शोधत होते.

तर जाहिरात. लांडग्याचा भला मोठा फोटो आणि खाली '९० टक्के साइटिंग'. हा आकडा कुणी काढला, कशावरून काढला, देव जाणे. मी गाईडदादांना विचारलं तर ते नुसते हसले, म्हणाले, "ताई, गॅरंटी द्यायला लांडगा काय आपल्या पगारावर हाय का?"

ज्यांना जागा माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पुणे वनविभागाने २०२४ मध्ये कडबनवाडी आणि बारामती तालुक्यातलं शिर्सुफळ अशा दोन ठिकाणी ग्रासलँड सफारी सुरू केली, बुकिंग ऑनलाइन, गाईड गावातलेच. ताडोबा-कान्हा डोक्यात ठेवून जाऊ नका, इथे जंगल म्हणतो तसलं काहीच नाही, वाळलेलं पिवळं गवत, मधेच बोरी-बाभळी, दगडगोटे आणि लांबवर कुणाचा तरी ऊस. हा सगळा पर्जन्यछायेचा पट्टा, पाऊस कमी, त्यामुळे इथलं मूळ रान म्हणजे गवतच, आणि चिंकारा, लांडगा, तरस, खोकड (छोटा कोल्हा) हे सगळे या गवतावर टिकून आहेत. आपल्याकडे मात्र याला नाव काय, तर पडीक जमीन. मोकळं दिसलं की झाडं लावायची. राज्यात २०१९ ला ३३ कोटी झाडांची मोहीम झाली होती ती आठवतेय का, मी पण तेव्हा ऑफिसच्या टी-शर्टात एक रोप लावून फोटो काढलेला. दादा म्हणाले झाड वाईट नाही पण माळावर गिरिपुष्पासारखी बाहेरची झाडं दाट लावली की खाली सावली होते, गवत जातं, आणि चिंकाऱ्याला लांबूनच शत्रू दिसायला हवा असतो, तो बघून तो पळतो, त्याच्यापुढे झाडांची भिंत उभी केली तर तो बघणार कुठून. हे मला कुणी आत्तापर्यंत सांगितलं नव्हतं, सांगितलं ते शाळेनंतर मेंढरं राखलेल्या माणसाने.

आता ती ठशांची गोष्ट, जिच्यासाठी मी पाच स्टार दिलेत.

एका कोरड्या ओढ्याच्या कडेला दादांनी गाडी थांबवायला लावली. खाली उतरायचं नाही म्हणाले, दार उघडून बघा. धुळीत ठसे. आम्हाला सगळ्यांना ते कुत्र्याचेच वाटले आणि मागून एकाने तसं बोलूनही दाखवलं. दादा एकटे उतरले, एक काडी घेतली आणि ठशांच्या कडेकडेने धुळीत रेघ ओढत गेले, ती रेघ पार झुडपापर्यंत सरळच्या सरळ. म्हणाले, गावचं कुत्रं असतं तर इथं हुंगलं असतं, तिथं पाय वर केला असता, दोनदा माघारी फिरलं असतं, त्याला कुठं पोचायचं नसतंय, हा गडी मात्र ठरवून निघालाय. मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशातच पडलेला दाखवला. मग खाली बसून ठशाची कड बोटाने दाबली. रात्री दव पडलेलं होतं, त्याने ठशातली धूळ बसून गेलेली, आणि ठशावरून कुठल्यातरी किड्याची बारीक टाक्यांसारखी नक्षी गेलेली, म्हणजे लांडगा दव पडायच्या आधी गेला आणि किडा त्याच्यानंतर. एवढं सगळं दोन-तीन मिनिटांत, आवाज न चढवता. पुढे थोड्या अंतरावर तरसाची पांढरीफटक विष्ठा, तरस हाडं चावून खातो म्हणून कॅल्शियमने ती अशी होते, ती त्यांनी काडीने उकलून आतले केस दाखवले तेव्हा एक काकू ईऽऽ करून मागे सरकल्या आणि नंतर त्यांनीच सगळ्यात जास्त फोटो काढले.

यानंतर चिंकारे दिसले, तीन माद्या आणि एक नर. एकीने पुढचा पाय जमिनीवर आपटला आणि शिंक दिल्यासारखा आवाज काढला, तो त्यांचा धोक्याचा इशारा, आणि धोका म्हणजे आम्ही, कारण पुढच्या गाडीत गाणी चालू होती. खोकड एकदा बिळाच्या तोंडाशी बसलेलं दिसलं, अगदी लांब. भोवत्ये, म्हणजे माळावर शिकार करणारे ससाण्यासारखे पक्षी, मात्र मनसोक्त, गवताच्या वरून इतके खालून तरंगत जातात की शेंडे पोटाला लागतील असं वाटतं, माँटेग्यूचा भोवत्या तर हिवाळ्यासाठी पार कझाकस्तानकडून येतो. दादा त्याचं नाव मराठीत पण सांगतात, इंग्रजीत पण, आणि इंग्रजी नाव घेताना जरा खांदे ताठ होतात, ते मला फार आवडलं.

लांडगा दिसला नाही. झालं. त्यात गाईडची काय चूक?

परत येताना विचारलं, रोज हेच काम का. तर नाही. सफारीला गर्दी शनिवार-रविवार आणि सुट्टीच्या दिवशी, बाकी आठवडाभर दोन म्हशी, थोडी शेती, सीझनला ऊसतोडीच्या मजुरांबरोबर मुकादमाचं काम. घर धनगराचं, लहानपणी यांच्या मेंढरांच्या वाड्यातली कोकरं लांडग्याने नेलेली आहेत आणि आज त्याच लांडग्याच्या बिळाची जागा कुणाला कळू नये म्हणून हा माणूस गाडी मुद्दाम लांबून नेतो. बिळात पिल्लं असायचा काळ साधारण हिवाळ्यातच येतो आणि नेमका तोच आपला फिरायचा सीझन. त्यांनी आधीच हात जोडून सांगितलं होतं की फोटोबरोबर लोकेशन टाकू नका. दुसरी भीती कुत्र्यांची. मोकाट कुत्र्यांमुळे रोग येतात आणि संकरही होतो, पुण्याजवळच्या माळावर लांडगा आणि कुत्र्याचा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीत सिद्ध झालंय, हे मला वाटलं होतं व्हॉट्सॲपवरचं असेल, पण बरोबरच्या पोराने तो रिसर्च पेपर वाचलेला होता.

त्या पोराबद्दल आता. जाहिरातीत 'सोबत एक्सपर्ट नॅचरलिस्ट' असं होतं ना, ते म्हणजे हा. एमएस्सीचा विद्यार्थी, गळ्यात दुर्बीण, खिशात सहा इंची पट्टी आणि वही, पाठीवर सॅक जिच्यात स्वतःच्या पाण्याबरोबर दुसऱ्यांसाठी पण ओआरएस. सगळ्यांच्या आधी स्वारगेटला हजर आणि रात्री शेवटची बाई रिक्षात बसेपर्यंत थांबलेला. आमच्यातल्या एका काकांनी भलीमोठी लेन्स काढली आणि मोबाईलवर पक्ष्याचा आवाज लावायला सुरुवात केली, म्हणजे खरा पक्षी चिडून जवळ येतो आणि फोटो मिळतो. पोरगा गेला, अगदी हळू आवाजात म्हणाला, "काका, प्लेबॅक नको, प्लीज. त्याला वाटतं हद्दीत दुसरा नर आलाय, तो खाणं सोडून इकडे तिकडे पळत बसतो." काका म्हणाले आम्ही पैसे भरलेत. पोरगा कानापर्यंत लाल झाला, पण तिथून हलला नाही, काकांनी मोबाईल खिशात घालेपर्यंत उभाच राहिला. हे करायला किती धीर लागतो ते त्याला विचारा, त्याच्या वयाच्या दुप्पट माणूस समोर आणि वर 'कस्टमर'.

नंतर गाडीत सहज विचारलं, तुला काय देतात रे. प्रवास आणि जेवण फुकट, आणि सर्टिफिकेट. बस. २८०० घेतात ते आमच्याकडून आणि ज्याच्या नावावर घेतात त्याला शून्य. 'अनुभव मिळतो' म्हणे. अनुभवाने मेसचं बिल भरतात का हो? त्याला पुढे यातच काम करायचंय, पण एनजीओतली बरीच कामं प्रोजेक्टवर, सहा महिने आहे मग नाही, म्हणून वनसेवेची परीक्षा पण देतोय. घरी वडील म्हणतात पोरगं शिकून कोल्हे मोजतंय. सांगताना तो हसत होता, पण मला काही हसू आलं नाही.

या सगळ्यात पैशात न धरलेली एक भेट झाली, बीटवाल्या मॅडमची. आम्ही नाश्त्याला थांबलो होतो, पोहे आणि चहा, तिथे खाकीतली एक मुलगी बाईकवरून आली, वनरक्षक. दादांशी ओळख होती म्हणून बसली चहाला. सकाळीच पंचनामा करून आलेली, कुणाची तरी शेळी रात्री मेली होती, मालक म्हणतो लांडगा, हिला जखमा बघून वाटतंय कुत्री, आणि लांडगा लिहिलं तर भरपाई मिळते, कुत्री लिहिलं तर नाही. आता तूच सांग म्हणाली, त्याच्या दारात उभी राहून मी काय लिहू? तिच्या जागी असते तर मला जमलं नसतं.

एक बीट म्हणजे एका वनरक्षकाच्या वाट्याचं जंगल, त्याच्या वर वनपाल, त्यांच्या वर रेंजचे आरएफओ, म्हणजे वनपरिक्षेत्र अधिकारी. वणवा, चोरटी तोड, अवैध चराई, साप, विहिरीत पडलेला प्राणी, रोपवाटिका, कोर्टाच्या तारखा, सगळं त्या एका माणसावर. भरतीत बायकांना ३ किलोमीटर धावायला असतं आणि पुरुषांना ५, वर चालण्याची वेगळी परीक्षा, चार तासांत पुरुषांना २५ किलोमीटर आणि बायकांना १६. पास झालात की पगाराची श्रेणी २१,७०० पासून सुरू. हातात काय, तर काठी आणि मोबाईल. ती बोलत असताना तो मोबाईल सारखा वाजत होता. वनविभागाची १९२६ ही हेल्पलाइन आहे पण गावातले लोक थेट हिलाच फोन करतात, रात्री अडीचला सुद्धा. तिची बॅचमेट जुन्नरला आहे, तिकडे ऊसतोड सुरू झाली की फडात बिबट्याची पिल्लं सापडतात, मग ती क्रेटमध्ये तिथेच ठेवून, गर्दी पांगवून, आई रात्री येऊन घेऊन जाते का ते कॅमेरा लावून बघत बसायचं. आणि सकाळी परत ड्यूटी.

मी आपलं येड्यासारखं विचारलं, भीती वाटत नाही का. म्हणाली इथे नाही वाटत, इथे लोकांची वाटते. मग जरा थांबून तिने ताडोब्याचं सांगितलं, २० नोव्हेंबर २०२१ ला तिथे व्याघ्रगणनेच्या कामात पायी फिरणारी महिला वनरक्षक वाघिणीच्या हल्ल्यात गेली. त्याच पदावरची बाई, म्हणून तिला तारीखसुद्धा पाठ आहे. मग चहा संपवून निघाली, जाळरेषेचं काम चालू होतं तिकडे. जाळरेषा म्हणजे वणवा पसरू नये म्हणून गवताचा पट्टा कापून, जाळून आधीच मोकळा करून ठेवतात, १५ फेब्रुवारीपासून वणव्याचा काळ धरतात आणि तो १५ जूनपर्यंत चालतो, हा काळ सुरू व्हायच्या आत हे उरकायला लागतं. त्या काळात लग्नाला सुद्धा रजा मिळत नाही म्हणाली, स्वतःच्या असलं तर बघू.

आणि आता ते एक स्टारवाले. तुमच्या त्या एका स्टारने काय होतं ते सांगते. उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात ३१ डिसेंबर २०२४ ला वाघीण आणि तिच्या पिल्लांची वाट जिप्सींनी दोन्ही बाजूंनी अडवली, व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला असेल, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. निलंबित कोण झालं? गाईड आणि ड्रायव्हर. चूक त्यांची होतीच, पण गाडीत बसून 'अजून जवळ, अजून जवळ' कोण म्हणत असतं? साइटिंग झालं तर टिप, नाही झालं तर शिव्या, असा हिशोब लावला की पुढच्या वेळी गाईड गाडी बिळापाशी नेणारच, त्याला पण घर आहे. आमच्या दादांनी नेली नाही आणि त्याची शिक्षा म्हणून एक स्टार घेतला.

भिगवणचा भाग पटकन. उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं, बॅकवॉटरमध्ये गावं गेली, जमिनी गेल्या, आणि त्याच उथळ पाण्यावर आता हिवाळ्यात फ्लेमिंगो, पट्टकदंब, चक्रवाक, कुरव असा सगळा मेळा भरतो. बोटवाले मामा मूळचे मासेमार, अजूनही पहाटे जाळी काढून मगच पर्यटकांना घेऊन निघतात. फ्लेमिंगोंपासून बऱ्याच अंतरावर त्यांनी इंजिन बंद केलं आणि बांबूने बोट ढकलत नेली. 'मामा, उडवा ना एकदा, व्हिडिओ घ्यायचाय' असं कुणीतरी म्हणालंच, मामांनी ऐकू न आल्यासारखं केलं. अर्धा स्टार का कापला, तर लाइफ जॅकेट ओली आणि कुबट होती, आणि माझ्या जॅकेटचा एक पट्टा तुटका होता. मामा, तेवढं बघा.

जेवण मामांच्याच घरी. चिलापी फ्राय, ज्वारीची भाकरी, झणझणीत रस्सा, कांदा. व्हेजवाल्यांना पिठलं आणि वांगं. त्या वहिनींनी पहाटे उठून एवढ्या लोकांच्या भाकरी थापल्या आणि ऑर्गनायझरने जेवण झाल्यावर त्यांच्याशी माणशी वीस रुपयांवरून घासाघीस केली, आमच्यासमोर. तिथेच मी त्यांचे तीन स्टार मनातल्या मनात कापले.

जाणार असाल तर सरळ वनविभागाच्या ग्रासलँड सफारीच्या साइटवरून बुक करा, मधल्या माणसाची काही गरज नाही, नियम तिथेच वाचून घ्या. बोटीचं कुंभारगावात गेल्यावर ठरतं, शनिवार-रविवारी आधी फोन केलेला बरा. पुणे-सोलापूर हायवेने जायचं, पाटसच्या टोलला सुट्टीच्या दिवशी लाइन असते, अंधार असतानाच पुण्यातून बाहेर पडा. भडक लाल-पांढरे कपडे नकोत, सेंट मारू नका, पहाटे माळावर कडाक्याची थंडी असते आणि अकरा वाजता घाम फुटतो तर वरचा कपडा काढता येईल असं घाला. बायकांसाठी, मधे स्वच्छ टॉयलेट हायवेच्या मोठ्या हॉटेलातच, तिथेच उरकून घ्या. दुर्बीण असेल तर न्या, नसेल तर गाईडकडची मिळते पण ती सगळ्यांत फिरते. पोरांना जरूर न्या, पण गाडीत गाणी बंद. आणि टिप द्यायची असेल तर गाईडच्या हातात द्या, ऑर्गनायझरच्या ग्रुपवर 'सगळ्यांची मिळून गोळा करू' म्हणतात त्यात टाकू नका, आमच्यावेळी ती दादांपर्यंत पोचलीच नाही, मी दुसऱ्या दिवशी फोन करून विचारलं.

काही जण मेसेजमध्ये दादांचा नंबर मागतायत. दादांना विचारलंय, ते म्हणाले ऑनलाइन बुकिंग करा, नंबर नका देऊ, रानात असलो की फोन उचलता येत न्हाई आणि मग लोक चिडतात.